चुन्याची रेघ

आमच्या गावावर ड्रोन उडाले ते २०२२ साली. मी तेव्हा दहावीत होते. पोरेटोरे त्याच्यामागे धावली. म्हातारी माणसे मात्र आपापल्या हद्दीवर राखण करीत उभी राहिली. शेताला सातबारा होता, पण आमच्यासारख्या लहान गावांत गावठाणातल्या घरांचा नकाशा कधी निघालाच नव्हता. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली. सर्व्हे ऑफ इंडियाने वरून छायाचित्रे घ्यायची, भूमी अभिलेखच्या माणसांनी खाली चौकशी करायची आणि घरोघर मिळकत पत्रिका द्यायची.

पण घर कोणाचे हे वरून दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी ज्याने त्याने हद्दीवर चुना टाकायचा होता. आजोबा गेल्यापासून दादा आणि काका यांचे बोलणे नव्हते. दोन घरांमध्ये तीन हातांचा बोळ, त्याच्या टोकाला लिंब. रेघ कोणी ओढायची? शेवटी काकाच म्हणाले, "तिला वढू द्या. ती दोन्ही घरी जेवती."

आजोबांनी पुरलेल्या दगडापासून मागच्या पडक्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत मी दोरी धरली आणि चुना सोडला. लिंब काकांकडे गेला. त्याच लिंबावरून लहानपणी पडून दादांचा हात मोडला होता. ते काही बोलले नाहीत. दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

झाडाखालची रेघ ड्रोनला दिसेना. तेवढी जागा टेपाने मोजायची ठरली. रेघ सरकवायची असती तर तेव्हा सरकवता आली असती. दादांनी टेपाचे एक टोक धरले, दुसरे काकांनी.

यंदा इथे शहरात, भूगोलाच्या प्रात्यक्षिकात, स्टिरिओस्कोपला डोळे लावले. विमान पुढे सरकताना लागोपाठ घेतलेली दोन छायाचित्रे. साधारण ६० टक्के भाग दोन्हींत तोच, पण दोन जागांवरून पाहिलेला. डावा डोळा एकावर, उजवा दुसऱ्यावर. आधी नुसता धूसर कागद, आणि एकाएकी टेकडी वर उठून आली! मी चक्क हात पुढे केला. सगळ्या हसल्या. १७६७ पासून पायी, साखळ्या ओढून देश मोजणाऱ्या त्या खात्याला विमानाने हे डोळे दिले. ड्रोनचे तत्त्वही हेच. म्हणजे आमचा लिंबही त्या छायाचित्रांत असाच उभा राहिला असणार.

पत्रिकेवर मात्र फक्त चौरस मीटर आहेत. ती हाती आली तेव्हा दादांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि मला विचारले, "लिंब कुठंय यात?"