शनिवारची भरती

केळी कधीच एका रंगाची मागवायची नाहीत. बोटीच्या कोठारात काम शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी आधी हेच सांगतो. सफर सात रात्रींची. शनिवारी मायामीच्या धक्क्यावर जो माल चढेल त्यावर पुढच्या शनिवारपर्यंत भागवायचं. मध्ये कॅरिबियन बेटांना बोट लागते, पण तिथल्या बाजाराच्या भरवशावर एवढी पंगत वाढता येत नाही. म्हणून रविवारच्या न्याहारीला पिवळी केळी, मंगळवार-बुधवारसाठी देठाशी हिरवट असलेली आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी पार कच्ची. तेरा अंशांच्या खाली ठेवली तर त्यांची साल काळवंडते. लेट्यूसच्या खोलीत ठेवली तर केळ्यांतून सुटणारा इथिलीन वायू लेट्यूसच्या पानांवर तांबूस डाग पाडतो. आजोळी आंब्याची आढी रोज सकाळी उलथून बघत, तशी मी केळ्यांची खोली रोज बघतो.

आमची ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही बोट फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या यार्डात बांधली गेली आणि २७ जानेवारी २०२४ रोजी मायामीहून पहिल्या सफरीला निघाली. लांबी सुमारे ३६५ मीटर, वीस डेक. प्रत्येक खोलीत दोघं धरली तर ५६१० प्रवासी, आणि खच्चून भरली तर ७६००. खलाशी, वेटर, स्वयंपाकी, सफाईवाले असे आम्ही २३५०. एवढे प्रवासी शनिवारी सकाळी उतरतात, तेवढेच दुपारपर्यंत चढतात, आणि गॅली, म्हणजे बोटीचं स्वयंपाकघर, एक तासही बंद नसते. उतरणाऱ्यांची न्याहारी आवरतेय तोवर चढणाऱ्यांचं दुपारचं जेवण लागलेलं असतं. या दिवसाला बोटीवर टर्नअराउंड म्हणतात.

लोक नवी बोट बघायला येतात ते पाण्याच्या घसरगुंड्या बघायला. मला विचाराल तर बोटीची पारख मालाच्या लिफ्टवरून करावी. जुन्या बोटीवर पायांना सगळं ठाऊक असतं. पॅलेट जॅकचं चाक कुठल्या उंबऱ्यावर अडतं, कुठल्या वळणावर दुधाचं पॅलेट तिरकं घ्यावं लागतं, कुठली लिफ्ट उशिरा येते, हे कुणी कुणाला सांगत बसत नाही. नव्या बोटीवर हे कुणालाच ठाऊक नसतं. नकाशात रुंद दिसणारा बोळ, उतरणाऱ्या बॅगांचे पिंजरे आणि चढणारा माल समोरासमोर आले की अरुंद होतो. आमच्या या मुख्य बोळाला खलाशी ‘आय-नाइंटीफाइव्ह’ म्हणतात, मायामीहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या नावावरून. पहिल्या महिन्यांत आम्ही तिथे जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या, उखडल्या, पुन्हा दुसरीकडे चिकटवल्या. यार्डातून बोट बांधून येते हे खरं. पण ती कामाला लागते ती अशा शनिवारांमुळे, आणि हे श्रेय कुठल्याच माहितीपुस्तकात नसतं याचं मला वाईट वाटतं.

पहाटे बोट लागते तेव्हा धक्क्यावर वातानुकूलित ट्रेलरांची रांग तयार असते. बोटीच्या कुशीत, पाण्यापासून फार उंच नसलेले पोलादी दरवाजे उघडतात. त्यांना आम्ही शेल डोअर म्हणतो. फोर्कलिफ्ट पॅलेट आत सरकवते आणि तिथून पुढे सगळं आमच्या हातात. गोठवलेला माल आधी, कारण मायामीच्या उन्हात त्याला दम नसतो. ट्रेलरचं दार उघडलं की थर्मामीटर आधी, सही नंतर. दूध, मांस, कापलेली फळं पाच अंशांच्या वर आढळली तर माल परत. ट्रकवाला हुज्जत घालतो, वरून शेफचा फोन येतो, तरी परत. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे तपासनीस न सांगता बोटीवर चढतात. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले की बोट नापास. पण माल परत करतो तो गुणांसाठी म्हणून नव्हे. समुद्रात हजारो माणसांचं पोट बिघडलं तर पळायला जागा नसते.

मग पुठ्ठ्याचे खोके. भाजीपाला प्लॅस्टिकच्या क्रेटांत ओतून घ्यायचा आणि खोके आत रेंगाळू द्यायचे नाहीत, कारण पुठ्ठ्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी येतात. जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे लावायचा. ऐकायला सोपं, पण घामाघूम माणसाला रिकामी जागा समोर दिसली की हातातलं ओझं तिथेच टेकवावंसं वाटतं. गेल्या खेपेला मालवणचा एक मुलगा क्रेट खांद्यावर धरून विचारत होता, “दादा, ह्या खंय ठेवू?” ज्या मुलाला असं विचारावंसं वाटतं, तो पुढे चांगला स्टोअरकीपर होतो असा माझा अनुभव आहे.

दरवाजा बंद करायची वेळ मात्र कुणासाठी पुढे ढकलली जात नाही. धक्क्यावर आइस्क्रीमचं पॅलेट उरलं तर उरलं. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून निघाली ती पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच. आत पाणी घुसलं, काही मिनिटांत बोट कलंडली आणि १९३ माणसं गेली. ज्याने दरवाजे लावायचे तो खलाशी काम आटोपून आपल्या खोलीत झोपला होता. आमचे दरवाजे वेगळ्या जातीचे आहेत, ते बंद आहेत की नाही हे ब्रिजवर दिव्यांनी कळतं, नियमही पुष्कळ बदलले. तरीही नव्या मुलांना ही हकीकत मी सांगतोच, आणि झोपेचा भाग गाळत नाही. आंतरराष्ट्रीय करारानुसार आम्हाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ती फार तर दोन तुकड्यांत, आणि एक तुकडा सलग सहा तासांचा. शनिवारी हे गणित अगदी कडेला आलेलं असतं. सकाळी अर्धा तास वाया गेला की तो कुणाच्या तरी झोपेतून कापला जातो.

आणि तो अर्धा तास बहुतेक वेळा कोठारात वाया जात नाही, वरच्या डेकवर जातो. अमेरिकेच्या बंदरात जुने सगळे प्रवासी उतरल्याची मोजदाद पूर्ण झाल्याशिवाय नव्यांतला एकही चढू शकत नाही. लागोपाठ दुसरी सफर घेतलेल्यांनाही तपासणीतून जाऊन परत यावं लागतं. याला झिरो काउंट म्हणतात. कुणी खोलीत पासपोर्ट शोधत असतो, कुणी बाल्कनीत शेवटचा फोटो काढत असतो, कुणी डेकवरच्या खुर्चीवर झोपलेला असतो. त्यांची नावं लाउडस्पीकरवर पुकारली जातात, खोल्या आवरणाऱ्या मुली दाराबाहेर चादरी घेऊन थांबतात, बॅगांचे पिंजरे बोळात अडतात आणि त्यांच्या मागे आमचं दूध उभं राहतं.

आता आपल्याकडूनही पुष्कळ कुटुंबं क्रूझला येऊ लागली आहेत. बोळात मराठी कानावर पडली की बरं वाटतं. तुम्ही आलात तर जरूर भेटा, मजा करा, पोटभर जेवा. फक्त शेवटच्या सकाळी, तुम्हाला दिलेल्या वेळेला, बोटीवरून उतरा.