आधी डिग्री!

आमच्या चिरंजीवांच्या खोलीतून गिटारचा खणखणाट सुरू झाला, की मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो. एकदा मात्र राहवले नाही. आत शिरून म्हणालो, "आधी डिग्री, मग गोंगाट!"

"बाबा, रेडिओहेडच्या जॉनी ग्रीनवुडनं १९९१ मध्ये कॉलेज सोडलं," तो शांतपणे म्हणाला आणि मला त्याचे चरित्रच ऐकवू लागला.

ऑक्सफर्डचा हा पोरगा लहानपणी व्हायोला वाजवी. 'क्रीप' (१९९२) हे गाणे त्याला मिळमिळीत वाटले, म्हणून ते बिघडवायला त्याने गिटारवर दणके दिले. लोकांनी नेमके तेच डोक्यावर घेतले! पुढे 'देअर विल बी ब्लड' (२००७) या चित्रपटासाठी त्याने चक्क तंतुवाद्यांचे वाद्यवृंद-संगीत रचले. २०१५ साली तर तो जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादक-कव्वालांच्या घोळक्यात जमिनीवर बसला होता.

मुलाने ते 'जुनून' लावले. मी गिटारचा दणका शोधत राहिलो. पण गडी कव्वालांच्या आवाजामागे मुकाट साथ करीत होता.

त्या रात्री मी माळ्यावरची सतार उतरवली. नोकरी लागली तेव्हा ती वर गेली होती. तारा गंजलेल्या. चिरंजीव काही न बोलता पक्कड घेऊन शेजारी बसले.

डिग्रीचे अजून ठरायचे आहे.