दोन वह्या

गणपती पेठेतील आमची हळदीची अडत सांगलीच्या मार्केट यार्डात हलली, तेव्हा मी शाळेत होतो. पोती हलवण्यापूर्वी आठ दिवस अण्णा रोज रात्री जुन्या खतावणीतील खाती नव्या वहीत उतरवून घेत. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी भर दुपारी दुकान बंद केले, रोजमेळाच्या अखेरच्या ओळीखाली आडवी रेघ ओढली आणि वही सुतळीने बांधून टाकली. "ऐन हंगामात दुकान बंद? गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाईल," असे आई म्हणाली. अण्णा शांतपणे म्हणाले, "तासभर दुकान बंद ठेवण्यात कमीपणा नाही. एकाच दिवशी दोन वह्यांत लिहिणे, हा कमीपणा."

पेढी पुढे मी चालवली नाही. संगणकाच्या क्षेत्रात आलो आणि इतरांच्या वह्या सांभाळू लागलो. गेल्या वर्षी एका घाऊक वितरक कंपनीचा डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमधून चेन्नईला हलवण्याचे काम माझ्याकडे आले. व्यवहार पाच मिनिटांहून अधिक थांबता कामा नयेत, एवढीच त्यांची अट होती.

मायएसक्यूएलचे तीन सर्व्हर मिळून तो एक समूह होता. नोंद पक्की होण्यापूर्वी तिघांपैकी किमान दोघांची संमती लागते; म्हणून एक बंद पडला तरी काम अडत नाही. हाच समूह दोन शहरांत पसरवावा, असे कोणालाही सुचेल. परंतु मुंबईहून चेन्नईला जाऊन परतण्यास संदेशाला वीसेक मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक नोंद तेवढी खोळंबते. शिवाय तीन इकडे व तीन तिकडे ठेवले आणि मधला दुवा तुटला, तर बहुमत कोणाकडेच उरत नाही. दोन्ही बाजू ठप्प होतात. म्हणून चेन्नईत वेगळा समूह उभारला. आधी सारा साठा तेथे नेला, मग मुंबईत होणारी प्रत्येक नोंद मागोमाग तेथे उतरत राहील अशी व्यवस्था केली. अण्णा रात्री जे हाताने करीत, तेच हे काम. सर्व्हरच्या नावाचा पत्ता इतर संगणक चोवीस तास स्मरणात ठेवत. ती मुदत दोन दिवस आधीच एका मिनिटावर आणली.

शनिवारी रात्री दोन वाजता मुंबईचा समूह 'रीड ओन्ली' केला, म्हणजे वाचता येईल पण लिहिता येणार नाही असा. अखेरची नोंद चेन्नईत उतरल्याची खात्री केली आणि नाव नव्या पत्त्याकडे वळवले. चार मिनिटे लागली. सहकाऱ्यांनी चहा मागवला.

रविवारी दुपारी मी सवयीने दोन्हीकडचे क्रमांक ताडून पाहिले. प्रत्येक व्यवहाराला डेटाबेस एक कायमचा क्रमांक देतो; बिलबुकासारखाच. मुंबईच्या यादीत सतरा व्यवहार असे निघाले, जे चेन्नईत नव्हतेच.

शोध घेता कारण उमगले. गोदामातील एक जुना प्रोग्राम बिल्ट्या भरीत असे. तो नावाने नव्हे, थेट जुन्या सर्व्हरच्या अंकी पत्त्याने जोडला जाई. आणि त्याला कोणीतरी सर्वाधिकार असलेले खाते देऊन ठेवले होते. साधे 'रीड ओन्ली' त्या खात्याला रोखत नाही. त्यासाठी 'सुपर रीड ओन्ली' करावे लागते. हे मला ठाऊक होते. त्या रात्री मी ते केले नव्हते.

अडचण आणखी होती. जुन्या डेटाबेसने त्या बिल्ट्यांना जे अनुक्रमांक दिले, तेच अनुक्रमांक नव्याने सकाळी दुसऱ्याच मालाला दिले होते. "सतराच तर आहेत. नवे क्रमांक देऊन भरून टाकू, कोणाला कळणार?" असे एक सहकारी म्हणाला. क्षणभर मलाही ते पटले. चार मिनिटांचे कौतुक नुकतेच पदरात पडले होते. पण छापील बिल्ट्या घेऊन ट्रक निघून गेले होते. कोठल्या तरी गावी एखादा दुकानदार ती बिल्टी दाखवील आणि पडद्यावर दुसऱ्याचा माल दिसेल. तेव्हा खोटा तो ठरला असता, मी नव्हे.

मी कंपनीच्या अधिकाऱ्यांना फोन केला आणि चूक माझी असल्याचे सांगितले. ते संतापले. रविवारी सायंकाळी अर्धा तास सारे व्यवहार बंद ठेवले, जुना समूह नेटवर्कपासूनच तोडला, सतरा बिल्ट्या एकेक ताडून नव्या क्रमांकांनी भरल्या आणि त्या त्या दुकानदारांना कळवले. आमच्या देयकातून त्यांनी काही रक्कम कापली. ती रास्तच होती.

शनिवारीच अर्धा तास मागून घेतला असता, तर त्या प्रोग्रामचा शोध घेण्यास सवड मिळाली असती. पाच मिनिटांच्या अटीत बसण्याच्या अभिमानापायी मी ती मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात सांगलीला गेलो, तेव्हा अण्णांना सारे सांगितले. सर्व्हर, समूह यांतले त्यांना काही ठाऊक नाही, तरी त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "रेघ ओढलीस हे कळले. पण वही बांधली होतीस का?"

बांधली नव्हती.