दुसरी तार कशासाठी?

सर्व्हर विकत घेतला की त्याच्या पाठीला लॅनची दोन किंवा चार पोर्टं आयतीच येतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ज्या पतसंस्थांचे आणि कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी त्यातलं एकच पोर्ट वर्षानुवर्षं वापरात असतं. उरलेलं जोडून घेऊ म्हटलं की संचालकांचा पहिला प्रश्न वेगाचा: एक गिगाबिटच्या दोन तारा म्हणजे दोन गिगाबिट ना? या कामात राहून माझं मत पक्कं झालंय की दुसरी तार जरूर लावावी, पण वेगाच्या आशेने लावली तर पदरी निराशाच येते. पहिली तार गेली की त्या क्षणी उभं राहायचं, एवढंच तिचं काम.

दुपटीची अपेक्षा अगदीच हवेतली नाही, हे मान्य करायला हवं. १९९४मध्ये अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या पीसींचा ‘बेओवुल्फ’ हा समूह उभारला. प्रोसेसरच्या मानाने तेव्हाचं इथरनेट फार मंद होतं, म्हणून त्यांनी इथरनेटच्या तारा एकत्र बांधल्या. लिनक्समधला बाँडिंग ड्रायव्हर मुळात बेकर यांच्या याच कामातून आला, म्हणजे त्याचा जन्मच वेगासाठी झाला. पण पॅकेटं आळीपाळीने दोन तारांवर सोडली की ती मागेपुढे पोचतात, आणि टीसीपीला वाटतं मधली हरवली. मग तीच पुन्हा पाठवली जातात. २०००मध्ये आलेल्या ८०२.३एडी या प्रमाणाने, म्हणजे आपण ज्याला एलएसीपी म्हणतो त्याने, हा घोळ टाळला: एका संभाषणाची सगळी पॅकेटं एकाच तारेने जातील. कुठल्या तारेने, ते पत्त्यांवर गणित करून ठरतं. गोची इथेच आहे. लिनक्समध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर हे गणित मॅक पत्त्यावर चालतं. आता जामखेड, पाथर्डी, अकोले अशा शाखा असलेली एखादी पतसंस्था घ्या. सगळ्या शाखांची पॅकेटं मुख्य कार्यालयातल्या एकाच राउटरमधून सर्व्हरपर्यंत येतात, त्यामुळे सर्व्हरला समोर दिसतो तो एकट्या राउटरचा मॅक पत्ता. गणिताचं उत्तर दर वेळी तेच येतं, सगळी उत्तरं एकाच तारेने जातात आणि दुसरीवर जवळजवळ शुकशुकाट. आयपी आणि पोर्टवर गणित करायला लावलं तर वाटणी सुधारते, हे खरं. तरीही एकच मोठी फाइल जात असेल तर तिच्या वाट्याला एकच तार येते. शिवाय शाखांच्या लाइनी मुळात इतक्या बारीक असतात की सर्व्हरचं एक गिगाबिट भरायची वेळच येत नाही.

मग या जिल्ह्यात नेमकं काय अडतं? त्यासाठी साखर कारखान्याच्या वजनकाट्याकडे बघावं. लोणीला १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हाचा काटा आणि आजचा काटा यांत मोठा फरक आहे: आज गाडीचं वजन थेट सर्व्हरमध्ये नोंदलं जातं आणि तिथून पावती छापली जाते. एका पावतीची माहिती किती, तर मोबाइलच्या साध्या मेसेजच्या आसपास. तिला गिगाबिट नको, पण ती रात्री तीन वाजताही जायलाच हवी, कारण गाळप हंगामात कारखाना दिवसरात्र चालतो. सर्व्हर दिसेना झाला की काट्यावरची गाडी हलत नाही, मागे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रांग लागते, आणि तोडलेला ऊस उभ्या उभ्या वाळून वजनात आणि उताऱ्यात घटत राहतो. याच नोंदींवर शेतकऱ्याचं बिल निघतं, आणि १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते १४ दिवसांत द्यायचं असतं. जिथे माहिती इतकी थोडी आणि खोळंबा इतका महाग, तिथे दुसऱ्या तारेला वेगाच्या कामाला जुंपणं मला तरी पटत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: लॅन कार्ड कधी जळतं का? क्वचितच, आणि हे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या आधी सांगतो. बिघडतं ते कार्डाच्या पुढचं सगळं. डक्टमधली केबल उंदीर कुरतडतात, पॅच कॉर्डची क्लिप तुटून ती नुसती अडकून राहते, स्विचचा अॅडाप्टर उन्हाळ्यात मान टाकतो, वळवाच्या पावसात वीज कडाडली की पोर्टं मरतात, आणि साफसफाईत कोणी काय ओढेल याचा नेम नाही. म्हणूनच दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये खुपसून ‘बाँडिंग केलं’ म्हणणं म्हणजे विहिरीवर दोन मोटारी बसवून दोन्ही एकाच स्टार्टरला जोडणं. स्विच दोन हवेत, आणि दोन्हींची वीज वेगवेगळ्या यूपीएसवरून. पण एलएसीपीला दोन्ही तारा एकाच स्विचवर लागतात, किंवा मग एकत्र मिळून एकच असल्यासारखे वागणारे महागडे स्विच. साध्या स्विचांच्या जोडीवर अॅक्टिव्ह-बॅकअप हाच सरळ मार्ग: एक तार काम करते, दुसरी थांबून असते, स्विचवर काही बदलावं लागत नाही. विंडोज सर्व्हरमध्येही २०१२च्या आवृत्तीपासून टीमिंगच्या नावाने ही सोय आहे. एक पथ्य मात्र पाळावं. लिनक्स तारेतला जीव तपासतो तो, दर १०० मिलिसेकंदांनी म्हणा, पण फक्त पहिल्या स्विचपर्यंत. स्विचची पुढची तार तुटली तर त्याला सगळं आलबेलच दिसतं. त्यासाठी राउटरच्या पत्त्यावर एआरपीने विचारणा करत राहणारी तपासणी लावावी.

एक तार नुसती थांबून राहते, हा अपव्यय नाही का? पोर्ट सर्व्हरसोबत आलेलं, केबल किरकोळ किमतीची, खर्च काय तो दुसऱ्या स्विचचा. काट्यावरच्या एका रात्रीच्या खोळंब्यापुढे तो किरकोळ आहे. रात्रीच्या बॅकअपला खरोखरच वेग हवा असतो, हा त्यातला वजनदार मुद्दा. एक गिगाबिटवरून एक टेराबाइट न्यायला अडीच तासांच्या आसपास लागतात. पण तो बॅकअप एकाच प्रवाहात जात असेल तर एलएसीपीनेही वेळ वाचत नाही. त्यापेक्षा तेवढ्यापुरतं दहा गिगाबिटचं कार्ड घ्यावं. आता सगळं क्लाउडवरच जाणार, असंही कोणी म्हणतं. जावो बापडं, काट्यावरचा पीसी क्लाउडपर्यंत जाणार तोही याच स्विचमधून.

या व्यवस्थेचा खरा धोका तिच्या शांतपणात आहे. पहिली तार गेली तरी काम चालू राहतं, म्हणून कोणाच्या ध्यानीमनी नसताना संस्था पुन्हा एकाच तारेवर आलेली असते, आणि ते कळतं दुसरीही गेल्यावर. बाँडिंगची स्थिती सांगणारी फाइल रोज कोणीतरी, किंवा एखाद्या छोट्या स्क्रिप्टने, वाचलीच पाहिजे. आणि बॉयलर पेटण्याआधी, ऑक्टोबर संपेपर्यंत, संगणक विभागातल्या कोणीतरी चालू सर्व्हरची एक तार हाताने काढून पाहावी, ती परत लावून दुसरी काढावी, आणि दोन्ही वेळा काट्यावर पावती छापली गेली का ते उभं राहून बघावं.