ज्याची त्याची वाट

दापोलीच्या बाजारात कुणालाही विचारा, तालुक्यातली मोठी माणसं कोण? पालगडचे साने गुरुजी, मुरुडचे अण्णा कर्वे ही नावं लगेच येतील. करजगावचं नाव निघायला वेळ लागतो. 1861 साली तिथं रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्मले.

मला ते भेटले त्यांच्या बायकोमार्फत, लक्ष्मीबाईंमार्फत. शाळेत त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातला उतारा होता. हाती आलेला पैसा वाटून टाकणारा तापट नवरा आणि त्याला सांभाळून घेणारी मिस्कील बायको, एवढंच तेव्हा कळलं. आम्ही मुली पोट धरून हसलो.

लग्नानंतर सबंध पुस्तक वाचलं आणि टिळकांचा रागच आला. आगगाडीतल्या एका गोऱ्या सहप्रवाशानं दिलेला नवा करार त्यांनी वाचला, डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारावले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. त्यांना प्रकाश दिसला, पण कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या पदरी काय पडलं? लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातलगांच्या आधारानं दिवस काढणं!

आई गेली त्या वर्षी पुस्तक पुन्हा हातात घेतलं. या खेपेला लक्ष्मीबाईंकडे लक्ष गेलं. त्या नवऱ्याकडे परतल्या, पण आपलं सोवळं घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं, आणि टिळकांची त्याला आडकाठी नाही. मग एक दिवस लक्ष्मीबाईंनीच स्वतःला विचारलं, जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर सापडलं तसं सोवळं सुटलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आपल्या पायांनी चालत जाऊन, नवऱ्यामागून फरफटत नव्हे.

आणि एवढं सोसूनही बाई हसतेच आहे, स्वतःवर सगळ्यात जास्त. टिळकांनीही टाळ-मृदंग मागे टाकले नाहीत. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अभंग रचले, कीर्तनं केली. 1919 साली ते गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं.

आमच्या घरी गणपती बसतो, पुढेही बसेल. पण कुणी धर्म बदलला की 'काय मिळालं त्याला?' असं मी पूर्वी पटकन विचारायची. आता तो माणूस घरच्यांशी कसा वागतो आणि मोकळं हसतो का, एवढंच बघते.