झोळीचं वजन

आषाढी जवळ आली की टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावरचं आमचं करकंब माणसांनी भरून जातं. शाळेत असल्यापासून मी तिथल्या मोफत आरोग्य शिबिरात गोळ्यांच्या पट्ट्या कापून द्यायचो. वारकरी यायचे, पायाचे फोड दाखवायचे, मलम लावून पुढे निघायचे. दुसऱ्या दिवशी मांडव रिकामा. शिबिर म्हणजे असंच, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, कंपनीतून दहा दिवसांची रजा टाकून मी मेळघाटात गेलो. अमरावतीहून परतवाडा, तिथून सेमाडोहचा घाट. सातपुड्याच्या या डोंगरात प्रामुख्याने कोरकू आदिवासी राहतात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, शेतात कामं असतात, ओढे भरले की रस्ता बंद होतो. जुलाब आणि न्यूमोनियाही नेमके तेव्हाच येतात. म्हणून तर पुण्याची ‘मैत्री’ संस्था नव्वदच्या दशकापासून पावसाळ्यातच तिथे स्वयंसेवक पाठवते. मी गेलो तो दुसऱ्याच एका छोट्या गटाबरोबर. दोन डॉक्टर, बाकी आम्ही हौशी.

माझ्याकडे काम होतं मुलांची वजनं घेऊन मोबाईलमध्ये भरायचं. त्यासाठीचं ॲप मीच बनवलं होतं, नेटवर्क नसतानाही चालणारं. वय आणि वजन टाकलं की हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिसायचा. पहिल्या सकाळी २३ मुलं झाली. फार भारी वाटत होतं.

त्यात १४ महिन्यांची एक मुलगी होती. वजन ६ किलो ८००. पिवळा. मी म्हणालो, “पुढचं बाळ घ्या.”

गावातल्या आशाताई हलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दंडघेराची पट्टी काढून मुलीच्या दंडाला गुंडाळली. ११.५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल. मग त्यांनी काट्याकडे पाहिलं.

“भाऊ, झोळी अडकवून काटा शून्यावर आणला होता ना?”

नव्हता आणला. पावसात भिजलेली ती कापडी झोळी ३०० ग्रॅमची भरली. मुलगी होती साडेसहा किलोची, आणि तेवढ्यावर ॲपलाही ती लालच दिसली. २३ मुलांची वजनं चुकली होती, आणि ॲपमध्ये सगळं कसं स्वच्छ, नीट दिसत होतं! ताई बोलल्या नसत्या तर ती मुलगी माझ्या यादीत पिवळीच राहिली असती. दुपारभर चिखलातून घरोघर फिरून मी सगळी मुलं पुन्हा मोजली.

आईला आम्ही दवाखान्यात चला म्हणालो. ती नाही म्हणाली. निंदणी राहिली होती आणि थोरला मुलगा घरी एकटा. डॉक्टरांनी समजावलं, मीही माझ्या हिंदीत समजावलं. ती नुसती मान हलवायची. आशाताई दोन संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसल्या. काय बोलल्या ते कोरकूत, मला कळलं नाही. थोरल्याला शेजारणीकडे ठेवायचं ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी ताई स्वतः तिच्यासोबत जीपमध्ये बसल्या.

परतल्यावर मी वाचत सुटलो. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे याच मेळघाटात, बैरागडला जाऊन राहिले. लोकांनी त्यांना गुरांचे आणि पिकांचेही आजार विचारले, तेव्हा ते शेतीत उतरले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज आशाताई घरोघरी बाळं बघतात, त्यामागे हेही काम आहे.

वारकऱ्याला मलम लावून सोडलं तरी चालतं, त्याला घर असतं. मेळघाटात निघून जाणारे आम्ही असतो. म्हणून जाऊच नये, असं मला वाटत नाही. त्या आठवड्यात डॉक्टरांनी दोन न्यूमोनिया वेळेत पकडले. पण पुढच्या वेळी पहिल्या दिवशी मी काही मोजणार नाही. आधी ताईंना विचारणार, कुठल्या घराची काळजी वाटते.

महिन्याभराने ताईंना फोन लागला. मुलगी कशी आहे विचारलं.

“६ किलो ९००,” त्या म्हणाल्या. मग हसून, “झोळी वजा करून बरं, भाऊ.”