मामांचं पाणी

माझं बालपण नांदेडला, गोदावरीच्या काठी गेलं. गोवर्धन घाटाच्या पायऱ्यांवर बसून भोई समाजाची माणसं जाळं फेकताना मी कितीदा तरी पाहिली. पण जाळं कधी टाकायचं, कधी टाकायचं नाही, मासळी कुठं थांबते, हे त्यांना विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. नदीकाठी वाढलो म्हणजे पाणी कळलं, असं मी धरून चाललो होतो. पुढे हा समज माझ्या जिवावर बेतला. त्यातून ज्यांनी मला बाहेर काढलं, त्यांच्याविषयी हे लिहितो आहे. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही. मी त्यांना मामा म्हणतो.

नोकरीसाठी मी लातूरला आलो. लातूर शहर ज्या मांजरा धरणाचं पाणी पितं, ते बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे. २०११ साली मी एक कयाक विकत घेतली. एका माणसापुरती, प्लास्टिकची, साधारण दहा फूट लांब. सोबत रिळाची काठी घेतली. लाइफ जॅकेट मात्र घेतलं नाही. पोहता येत होतं, तेवढं पुरे वाटलं.

मार्चमधली दुपार होती. काठावर जाळं सांधत बसलेल्या एका वयस्कर माणसानं हाक दिली, "सायब, आत्ता जाऊ नका. वावधान सुटंल." मी नुसता हात हलवला आणि कयाक पाण्यात लोटली. अर्ध्या तासात वारं सुटलं. कयाक लाटांना आडवी झाली आणि उलटली. काठ समोर दिसत होता, पण कितीही हात मारले तरी जवळ येत नव्हता.

हाक देणारे तेच मामा. ते थर्माकोलच्या तराफ्यावर आले. थर्माकोलचे ताव पोत्यात शिवलेले, त्यांवर ते पालथे पडलेले, आणि दोन्ही तळव्यांनी पाणी मागं लोटत होते. लाइफ जॅकेट त्यांच्याकडेही नव्हतं. पण त्यांना ते परवडत नव्हतं आणि मला त्याची गरज वाटली नव्हती, हा फरक मला आजही टोचतो. "वर चढू नका, दोघं बी जाऊ. कड धरा अन् पाय हलवा," एवढंच ते म्हणाले. काठावर आल्यावर त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. अंगावर आपलं धोतर टाकलं, चूल पेटवली, ज्वारीची भाकरी आणि मरळीचं कालवण वाढलं. मग म्हणाले, "बगळे समदे काठाला येऊन बसले व्हते. तुमी बघितलं न्हाय."

त्यानंतर सुट्टी मिळाली की मी धनेगावला जाऊ लागलो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, हे मला मामांनी पाण्यावर नेऊन दाखवलं. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वाहत्या पाण्याकडे चढतात. त्या दिवसांत मामांचं जाळं खुंटीला असे.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मरळीची पिल्लं लालसर रंगाची असतात आणि पाण्याच्या वरच्या थरात झुंडीनं फिरतात. खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. तिथं गळ टाकला की मरळ हटकून लागते, कारण पिल्लांसाठी ती धावून येते. हे मामांनीच सांगितलं होतं, तिथं गळ टाकू नये म्हणून. मी मात्र तिथंच टाकला. मोठी मरळ लागली आणि मी ती मिरवत काठावर आणली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, पाण्यावर सैरभैर झालेल्या पिल्लांकडे पाहिलं, आणि ते जाळं आवरायला उठून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांच्या त्या न जेवण्यानं मला जे शिकवलं, ते मी पुन्हा विसरलो नाही.

मामांनाच मात्र मी विसरलो. पाऊस लागोपाठ रुसला, धरण आटत गेलं, तशा माझ्या फेऱ्याही थांबल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. आमच्या घरात कोणत्या भांड्यात किती पाणी आहे, ते मला तोंडपाठ होतं. पण ज्या धरणात आम्हाला प्यायला पाणी उरलं नाही, त्याच धरणावर एका माणसाची चूल पेटते, हे त्या उन्हाळ्यात माझ्या एकदाही मनात आलं नाही. मी एक फोनसुद्धा केला नाही.

पावसाळ्याअखेर धरण भरलं. मी गेलो तेव्हा मामा तराफा शिवत होते. "या, बसा," म्हणाले. इतके दिवस कुठं होतात, हे त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांना विचारलं नाही.

मामांनी समुद्र पाहिला नव्हता. तो दाखवावा, म्हणजे थोडी तरी उतराई होईल, असं मला वाटलं. जानेवारी २०१८ मध्ये जीपच्या टपावर कयाक बांधली आणि आम्ही निघालो. नागपूर–रत्नागिरी रस्ता नांदेड, लातूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटानं समुद्राला जातो. मी या रस्त्यावरच्या दोन गावांत आयुष्य काढलं, पण त्याच्या टोकाला कधी गेलो नव्हतो.

मिरजेजवळ मामा उसाच्या फडाकडे बोट करून म्हणाले, "त्या साली मी हितंच व्हतो. पोरासंगं ऊसतोडीला." पाणी आटल्यावर त्यांनी जाळं गुंडाळून कोयता घेतला होता. ते इथं ऊस तोडून गेले आणि इथलंच कृष्णेचं पाणी रेल्वेनं माझ्या घरी आलं. मी गाडी कडेला घेतली. "मामा, माझं चुकलं," एवढंच बोलता आलं. ते म्हणाले, "तुमाला बी पाणी नव्हतंच की."

रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर त्यांनी वहाणा काढल्या, समुद्राला हात जोडले. पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "आपली मांजरा हितंच येती का?" मी सांगितलं, नाही, ती तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राला जाते. "म्हंजी तुमच्या नदीला मिळती," ते म्हणाले.

पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड करत आम्ही मालवणजवळ देवबागला पोचलो. कर्ली नदी तिथं समुद्राला मिळते. संगमाकडे कयाक न्यावी, असं माझ्या मनात होतं. मामांनी हात धरला. "हे पाणी आपलं न्हाय. आधी इचारा." आयुष्यभर पाण्यावर राहिलेला माणूस किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसमोर शिकाऊ पोरासारखा उकिडवा बसला. भरती-ओहोटी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पाणी सहा-सहा तासांनी फिरतं, ओहोटीला संगमाजवळ ओढ असते, भरती लागली की खाडीत गरवावं, हे सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं. आपल्याकडचा गळ म्हणजे इथली गरी, हेही शिकले. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "आमचा आजा बी हेच सांगायचा."

दुसऱ्या दिवशी भरतीला, कांदळवनाच्या कडेकडेनं ते एकटे कयाकवर गेले. या वेळी अंगात लाइफ जॅकेट होतं. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी वल्हं बाजूला ठेवलं, पुढं वाकले आणि तळव्यांनी पाणी लोटू लागले, त्या दुपारी माझ्याकडे येताना लोटत होते तसंच. एक तांबोशी लागली. लहान होती. त्यांनी गरी अलगद काढली आणि तिला पाण्यात सोडलं.

उतराई व्हायला गेलो होतो. परतताना ऋण वाढलेलं होतं.

कयाक आता धनेगावला मामांच्या दारात असते, दोन लाइफ जॅकेटांसह. धरणात किती टक्के साठा उरला, ही बातमी वाचली की मी आधी मामांना फोन लावतो. २०१६ साली तो लावला नव्हता.